खाट चौदा, दिवसपाळी

डॉक्टर बद्रिया भिंतीवर नकाशा पाडतात
तेव्हा प्रोजेक्टरपुढे धरलेल्या माझ्या तळहाताच्या सावलीत
अख्खं कुवेत मावतं.
आज त्यात एकच लाल ठिपका. महबूला.
"उद्या दोन नकोत," त्या म्हणतात
आणि चष्मा पुसतात,
जणू ठिपका काचेवरच पडलाय.

माझ्याकडे फोन, तक्ता, एकवीस दिवसांचे एकवीस रकाने.
मिरजेच्या वॉर्डात हातांनी शिकलेली नर्सिंग
इथे मी कानांनी करते.

मल्लेश गुंडेटी, एकोणतीस, जगत्यालकडचा, काम प्लास्टरचं.
मनगटावर आधी पाच फोड,
मग त्यानं मोजणं सोडलं.
अठ्ठेचाळीस अंशांत सहा दिवस
पूर्ण बाह्यांचा शर्ट.
"किस किस को छुआ?"
"किसी को नहीं, सिस्टर."

हे उत्तर मला पाठ आहे.
नाव सांगितलं तर त्याचाही खाडा,
खाडा म्हणजे मुकादम,
मुकादम म्हणजे विमानतळ.
मी दुपारी डॉक्टर बद्रियांकडून शिक्क्याचं पत्र आणते:
पगार कापणार नाहीत, परत पाठवणार नाहीत.
त्याला फोनवर दोनदा वाचून दाखवते.
तो शिक्क्याचा रंग विचारतो.
निळा, मी सांगते.

मग रुग्णाला विचारावं तसं नाही,
पाहुण्याला विचारावं तसं विचारते:
झोपतोस कुठे?
"चौदा नंबर. रात को."
आणि दिवसा?
"दिन में दूसरा सोता है."
कोण?
लांबून एसीची घरघर.
"कभी देखा नहीं, सिस्टर."

दीड वर्ष एकाच गादीवर, आणि पाहिलेलं नाही.
हा यायच्या आत त्याची बस निघालेली असते.
याला माहीत आहे ते एवढंच:
उशीचा खड्डा जरा डावीकडे,
वास मोहरीच्या तेलाचा,
आणि उशी अजून कोमट.
चादरीला तो चार घड्या घालायचा, हा तीन.
गेल्या महिन्यापासून
तोही तीन घालतो.

राष्ट्रीय यादीत सगळं आहे,
विमानाचं आसन, व्हिसा, बोटांचे ठसे.
चौदावर दिवसा कोण झोपतं हे मात्र
एकाही संगणकाला ठाऊक नाही.
ठाऊक होतं मेसच्या दाऊद परकारांना,
खेडचे, तीस वर्षं डबे भरणारे:
"चौदाचे दोन डबे, बाई. एकात मिरची नको.
तो शफिकुल. बेकरीत भट्ट्या पुसतो रात्री."

परकारांनी बाही वर केली.
दंडावर दोन वण, जुन्या नाण्यांसारखे.
"माझ्या लहानपणीच देवी काढल्यात.
मला काय होतंय, त्यांचे डबे मी नेतो."
मी म्हटलं, चाचा, त्या वणावर एवढा भरवसा नको,
हे हातमोजे घाला.
ते हसले. घातले.
खोलीतल्या बाकी अकराजणांचे दंड
कोरे निघाले, नव्या वहीसारखे.

शफिकुलला सातव्या दिवशी लस.
रोज सकाळी आठला माझा फोन:
ताप? गाठ? अंगावर काही?
बाराव्या दिवशी तो म्हणाला, पुरळ.
माझं पेन थांबलं.
गाडी गेली, नमुना गेला, रात्र गेली.
घामोळं निघालं.
डॉक्टर बद्रिया पहिल्यांदाच
माझ्या टेबलाशी येऊन चहा प्याल्या.

गादी जाळली. चादर उकळली.
नकाशा रोज उघडतो, ठिपका एकच.
जे घडलं नाही त्याचा नकाशा
कुणी भिंतीवर लावत नाही.

एकविसाव्या दिवशी मल्लेशचा फोन, खपल्या पडल्यात.
"वो दूसरा... ठीक है ना? नाम क्या है उसका?"
नाव सांगायचं नाही,
नियम सात, मीच नव्या मुलींना शिकवते.
"ठीक आहे," मी म्हणते.
"कौन, सिस्टर?"
"तीन घड्यांवाला."

पलीकडे तो काही बोलत नाही.
मी रकाना भरते,
पुढचा नंबर फिरवते.