फोल्डर : हवामान

कोत्का बंदराच्या पायलट-कचेरीत
ओस्मोने लेखी तक्रार दिली ती चार शब्दांची :
मुलीच्या मेल येत नाहीत.
खाली सही. सहीच्या खाली, पेन्सिलीने,
घाई नाही.

राइलीने आधी स्पॅमवर खापर फोडलं.
तिथे निघाली गुडघेदुखीची औषधं
आणि निम्म्या किमतीत हिवाळी टायर.
मग कोटा पाहिला. पेटी अर्धी रिकामी.
सर्व्हरचं घड्याळ पाहिलं, दोन सेकंद मागे,
एवढ्याने कुणाची लेक हरवत नाही.

लॉग उघडला.
प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द :
पोचवलं. पोचवलं. पोचवलं.
कुठे, ते विचारल्याशिवाय सांगायची
त्या यंत्राला सवय नव्हती.

तिने स्वतःच्या पत्त्यावरून एक मेल धाडली,
'चाचणी. दुर्लक्ष करावे.'
ती आली, सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत.
बाहेर बर्फफोडं जहाज धक्क्याला घासत होतं.
कॉफी दुसऱ्यांदा गार झाली होती.
"नाव काय मुलीचं?" राइलीने विचारलं,
उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून.

ओस्मो खिडकीकडे बघत म्हणाला, "तूली."

फिनिशमध्ये तूली म्हणजे वारा.

राइलीचे हात कीबोर्डवरच थबकले.
तिने दुसरी चाचणी लिहिली,
विषयाच्या जागी फक्त तेवढं नाव.
पाठवली.
दोघं पडद्याकडे बघत बसले.
काहीच आलं नाही.

नियम क्रमांक सात :
कुठेही 'तूली' आढळल्यास
हवामान फोल्डरमध्ये टाका,
वाचलेलं अशी खूण करा,
पुढचे नियम तपासू नका.
वर अकरा वर्षांपूर्वीची तारीख
आणि लिहिणारीची आद्याक्षरं, रा. की.
म्हणजे तीच.
तेव्हा हाच ओस्मो म्हणाला होता,
वाऱ्याचे इशारे भिंतीवर दिसतातच की,
माझ्या पेटीत त्यांची रास कशाला?
पोर तेव्हा घरातच होती,
मेल कशाला लिहील,
जिन्यावरून हाक मारायची.

आईला पुरल्यावर बापाने मला वाऱ्यावर सोडलं,
असं ती मावशीजवळ बोलली होती म्हणे.
सर्व्हरने ते शब्दशः केलं होतं,
चार वर्षं, शिस्तीत, तारीखवार.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली.
राइलीने शब्द खोडला,
त्याजागी वेधशाळेचा पत्ता घातला,
अर्धविराम तपासला, जतन केलं.
"चूक माझी," ती म्हणाली.
ओस्मोने ते ऐकलं की नाही, कळलं नाही.
"हे सगळं इनबॉक्समध्ये आणू?"
एकशे बासष्ट मेल निळ्या झाल्या होत्या,
बाण त्यांच्यावर थरथरत होता.

"राहू देत," तो म्हणाला. "आहेत तशाच. ओळीने."

आणि खुर्ची ओढून वाचू लागला.
चौदा नोव्हेंबर : वायव्येकडून तेवीस मीटर, लहान बोटींना मनाई.
चौदा नोव्हेंबर : बाबा, बाळाला पहिला दात आला,
तुमच्यासारखाच वाकडा.
त्या रात्री तो टँकर आत आणत होता,
शिडीला बर्फ धरला होता, हे त्याला आठवलं.
पंधरा नोव्हेंबर : वारा ओसरतोय.
नऊ जानेवारी : आग्नेयेकडून सतरा.
नऊ जानेवारी : तुम्ही रागावलात का?
सव्वीस मार्च : नुसते वारे.
सत्तावीस मार्च : नुसते वारे.
तो तेही वाचत होता, एकही न गाळता.

बऱ्याच वेळाने त्याने 'उत्तर द्या' दाबलं.
'तूली' एवढं लिहिलं, स्वल्पविराम दिला,
आणि मान वर केली.

"हे तिच्याकडे कुठल्या फोल्डरात पडेल?"

राइलीने चष्मा काढून पुसला.
"ते मला इथून दिसत नाही," ती म्हणाली.