उणे ऐंशी

मराठीत त्याला स्वादुपिंड म्हणतात.
नाव ठेवणाऱ्याने ते चाखलं नव्हतं, एवढं नक्की.
जठराच्या मागे, कण्याला टेकून
आडवं पडलेलं असतं,
घरातल्या अबोल माणसासारखं.
दुखेपर्यंत कुणाला आठवत नाही,
आणि दुखतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.
इथे सोहारमध्ये बंकरियास म्हणतात.
रुग्ण तो शब्द दोनदा उच्चारून बघतात,
जणू कधी न गेलेल्या बंदराचं नाव.

शवागाराच्या अलीकडच्या खोलीत माझा फ्रीझर.
उणे ऐंशी.
आत दोनशे चौदा माणसांचे तुकडे,
मसुराच्या डाळीएवढे.

आत्या विचारायची,
पोटाचाच अभ्यास, मग पोटासाठी इतक्या लांब कशाला गं?
मी हसून विषय बदलायचे.
तिला कसं सांगायचं,
की हे पिंड दिवसाला लिटरभर रस गाळतं,
मांसही विरघळवेल असा,
आणि प्रत्येक थेंबाला कुलूप घालून आतड्याकडे धाडतं.
किल्ली आतड्यात असते.
कधीतरी कुलूप घरातच उघडतं,
मग ते स्वतःलाच जेवायला बसतं.
ते कोण उघडतं?
नऊ वर्षं मी एवढंच विचारतेय.
शोधनिबंध चार. उत्तर
अर्धं, तेही उंदरांपुरतं.

जुलैतली रात्र, दोन वाजून दहा मिनिटं.
मोबाइल किंचाळला: उणे एकसष्ट.
दाराबाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा पांढरा झाला,
समुद्राची सगळी वाफ काचेवर.
रजीना आधीच पोचलेली, उलट्या ओढणीत.
कंप्रेसर गेला, मॅडम.
इंजिनिअर मस्कतहून निघणार, तोही सकाळी.
उणे अठ्ठावन्न.
शेवटी तिलाच सुचलं:
बंदरावर मासळी विमानाने पाठवतात ना,
त्यांच्याकडे सुका बर्फ असेल.

गोदामाचा रात्रपाळीवाला खल्फान
कुप्याच्या खोक्यांवर नंबर टाकत होता.
डाव्या अंगठ्याला नख नव्हतं.
तो अंगठा मी ओळखला.
फेब्रुवारीत, संमतीच्या कागदावर,
साक्षीदाराच्या रकान्याशेजारी टेकलेला.
वर सही त्याच्या भावाची, मुबारकची,
जाळं विणणाऱ्या हाताची, सावकाश.
तेव्हा मुबारक म्हणाला होता,
घ्या. आम्हीही मासा आधी पोट फाडूनच बघतो.
अकरा आठवडे जगला.
माझ्याकडे तो एकशे सतरा,
तिसरा कप्पा, डावीकडून दुसरी डबी.

कितना चाहिए, खल्फानने विचारलं.
साठ किलो.
इतनी रात को? कौन सी मछली है?
मछली नाही, म्हटलं, नमुने. इस्पितळाचे.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
किंवा माझ्या ओळखपत्राकडे.
मास्क होता, मला वाटलं, ओळखलं नसेल.
मग स्वतःच्या पिकअपमध्ये बर्फ भरून तो पाठोपाठ आला,
जाड हातमोजे घालून कप्पे थर्मोकोलमध्ये उतरवू लागला,
एकेक, न आपटता.
तिसरा त्याच्या हातात असताना
मी भिंतीवरचा आकडा वाचत राहिले.
कागदावर लिहिलंय, नाव कुणालाही कळणार नाही.
कुणालाही, म्हणजे भावालाही.
आमच्यात म्हणतात, पोटात ठेव.
ठेवलं.
खोलीभर पांढरा धूर गुडघ्यांपर्यंत,
त्यात आम्ही तिघं, आणि ते.

पैसे घेतले नाहीत त्याने.
बर्फाच्या चिठ्ठीवर मात्र सही मागितली,
साक्षीदार म्हणून खाली रजीनाची.

सकाळी सात वाजता त्याचा फोन.
मागे लिलावाचा गलका, बर्फ फोडल्याचा आवाज.
डॉक्टर, सब लोग ठीक हैं?

लोग, म्हणाला तो.

मी फ्रीझरवरच्या उसन्या तापमापीकडे पाहिलं.
सब ठीक, म्हटलं.
उणे एकोणऐंशी.