कंसातलं नॅचरल

पडद्यावर एकेचाळिसावा बार.
एका कॉर्डमध्ये सहा स्वर,
त्यातल्या पाच जणांना आपापलं चिन्ह हवंय.
सॉफ्टवेअरनं सगळी एकाच कोनाड्यात कोंबलीत:
फ्लॅटचं पोट शार्पच्या दांड्यांत अडकलेलं,
नॅचरलचा नुसता कोपरा बाहेर,
दारात चिमटलेल्या कोटाच्या टोकासारखा.

एकेकाला डावीकडे सरकवते.
एक सरकला की दुसरा मूळ जागी पळतो.
खाली लाइपझिगची शेवटची ट्राम वळणावर किंचाळते.
कुठल्या स्वरात, ते आता मी ऐकत नाही.

हेम्पेल मास्तरांच्या हाताखाली असं काही सरकत नसे.
शिसं-कथलाची पाटी, पोलादी ठसे,
सगळं उलटं, आरशातलं.
ठोका चुकला तर पाटी पालथी घालायची,
नेमकी ती जागा हुडकायची,
आणि पाठीमागून हळू हळू ठोकत
पुढची चूक भरून काढायची.
म्हणत, "सगळ्यात वरच्याला आधी जागा दे, स्वराला खेटून.
मग सगळ्यात खालच्याला.
मग वरून दुसरा, खालून दुसरा.
एकाच नावाचे दोघे असतील, सप्तकभर लांब,
तर त्यांना एका उभ्या ओळीत राहू दे.
आणि गर्दी झाली म्हणून कॉर्डला बोल लावू नकोस.
आधीच्या मोकळ्या जागेकडे माग."

मागितली.
आता पाचही दिसतात,
वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेतल्यांनी
माना तिरक्या कराव्यात तसे.

तेवढ्यात फ्रीडेरूनचा फोन. उद्या दहाला तालीम.
"बेचाळिसाव्यात ए-ला नॅचरल लिही."
"नियमानं नको. मधल्या उभ्या रेघेनं मागचा फ्लॅट पुसला जातो."
"कागदावर पुसला जातो, ताबेआ.
माझ्या करंगळीत नाही."

लिहिलं. कंसात,
कुणाला चारचौघांत चूक दाखवायची नसते तेव्हा
आवाज खाली आणून बोलतात, तसं.

रविवारी मास्तरांकडे गेले, गोलिसच्या वृद्धाश्रमात.
"पाट्या कपाटात ठेवल्यास ना?"
दर रविवारी हेच.
छापखाना कधीच बंद पडला,
त्या इमारतीत आता फ्लॅट झालेत,
राहायचे.
मागच्या आठवड्यात सांगितलं होतं,
त्याच्याही आधीच्या आठवड्यात.
मध्ये कुठली उभी रेघ येते कोण जाणे.

"ठेवल्या, मास्तर," म्हणाले. आणि हळूच,
"मी ताबेआ."

त्यांनी मान हलवली. नाव कुठे पोचलं नाही.
मग मी सोबत नेलेला कागद
त्यांनी खिडकीपाशी धरला,
चष्मा कपाळावर सारून,
एकेचाळिसाव्यावर नख टेकवलं:

"हा फ्लॅट.
केसभर अजून डावीकडे."