हललेला फोटो

मनात चार मोजेपर्यंत बटणावरचं बोट उचलायचं नाही.
शर्विलला सांगते, चालव. जसा रस्ता तसा.
काकू, हलेल ना, तो म्हणतो.
हलू दे.

जेल रोडवरून राजवाड्याकडे वळताना
मोबाइलच्या दुकानांची पाटीन्‌पाटी भिंतीवरून सुटते.
निळ्याची एक लड, तिच्यात कुणी पिवळा गुंतवलेला.
पुढच्या रिक्षाचा मागचा दिवा
लाल शाईची रेघ ओढत जातो,
चूक दाखवणारी, पण कुठली ते न सांगणारी.

कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ गतिरोधक.
आम्ही दोघं उडतो, माझे दात वाजतात.
फोटोत तो धक्का आला आहे:
सगळे दिवे एकदम, एकाच जागी,
खांदे उडवल्यासारखे.

घरी मोठं करून बघताना मामा आठवले.
दप्तरखान्यात मोडी वाचायचे.
आधी पानभर आडवी रेघ ओढायची, म्हणत,
मग तिला अक्षरं टांगायची,
हात न उचलता, शाई संपेपर्यंत.
ऱ्हस्व-दीर्घाचं कौतुक नाही. ओळखणाऱ्याने ओळखावं.
मला शिकवायला दोन रविवार बसले होते.
मी ‘ग’च्या पुढे गेले नाही.
शेजारी टीव्ही आला होता.

आता शास्त्री पुलावरच्या खांबांनी
तशीच रेघ ओढून दिली आहे
आणि खाली लोंबतं आहे शहर,
नारिंगी, जांभळं, कुठे मेहंदीच्या ओल्या पानासारखं,
एका दमात लिहिलेलं.
कागद उलटा धरलाय की सुलटा
तेही मला सांगता येत नाही.
एवढंच कळतं की जिथे रंग जाड झालाय
तिथे रीगलचा सिग्नल लाल झाला,
लिहिणारा बोरू बुडवायला थांबला.

चार सेकंदांत माणसं उमटत नाहीत.
हे माझ्या उशिरा लक्षात आलं.
ज्याच्याजवळ दिवा, तोच राहतो.
बसची वाट बघणारे,
गाड्यांच्या काचा पुसत फिरणारी मुलगी,
सगळी गेली.
पाठीमागचा उजेड त्यांच्यातून आरपार आलाय.

भुट्टेवाला तर पूर्ण वेळ जागेवर उभा होता.
दुसऱ्या रात्री त्याला दाखवला.
त्याने हात पुसले, कॅमेरा जवळ धरला, मग लांब.
मैं कहाँ?
मी बोट ठेवलं. तिथे शेंदरी गाठ, टिकलीएवढी.
ये तो सिगड़ी है, तो म्हणाला,
रागाने नाही,
हिशेबातली चूक गिऱ्हाइकाला दाखवावी तसा.
मी काही बोलले नाही.
शर्विलने लिंबू-मीठ जादा मागितलं.

मग तोच म्हणाला, फिर से लो.
सिगडीमागे सरकून उभा राहिला,
शर्टाचं वरचं बटण लावलं,
आणि पंखा घेतला हातात.
मी शटर उघडलं.
एक,
दोन,
त्याने वारा घातला, नुसता कोळशांना नाही,
खालून वर, डोक्यावरून, पलीकडच्या खांद्याकडे,
ठिणग्या जिथे जिथे गेल्या तिथे तिथे तो होता.
चार झाले.
मी बोट उचललं नाही.