तीन वर्षांचे कागद

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात
ईसीजीचं मशीन एकच. त्याचा एक चिमटा
माझ्या आधीच्या माणसानं रबरबँडनं आवळलेला,
तो मी अजून सोडलेला नाही.
जेली संपली की मिठाचं पाणी, कापूस.

कागद गुळगुळीत, गुलाबी चौकटींचा.
त्यावर शाई नसते, नुसती ऊब उमटते,
आणि ऊब टिकत नाही.
कपाटाच्या पत्र्याला दुपारभर ऊन लागतं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
बेळगावहून अभ्यासाची माणसं आली, म्हणाली,
छातीदुखीचे तीन वर्षांचे सगळे आलेख द्या.
मी गठ्ठा सोडला. सगळ्यात वर लुमाण्णा गुरव.
नाव होतं, कारण नाव बॉलपेनचं.
चौकटी होत्या, कारण त्या छापलेल्या.
मधे काहीच नव्हतं.

तेव्हापासून रोज पाच वाजता
मी स्टँडसमोर दस्तगीरच्या दुकानात उभी असते.
झेरॉक्स दोन रुपये.
हा खर्च कुठल्या खात्यात घालायचा
ते क्लार्कला कळत नाही, मग माझ्याच पर्समध्ये घालतो.
पहिल्या दिवशी दस्तगीरनं कागद उलटासुलटा केला,
"सही कुणाची म्हणायची ही, बाई?"
मी म्हटलं, मष्णूची.
बघ, ही रेघ इथं खाली यायची असते,
ती वरच राहिली.

अभ्यासाच्या फॉर्मात एक रकाना आहे :
दुखायला लागल्यापासून सुई मिळेपर्यंतची मिनिटं.
मष्णू कणकुंबीकडचा.
रात्री आठला घाम फुटला. पित्त म्हणून सोलं भिजवून प्याला.
रेंज नाही म्हणून थोरला पोरगा टेकाडावर गेला,
गाडीवाला चोर्ल्याला गेलेला, तो आला,
डिझेल नव्हतं, ते आलं.
जांबोटीच्या पुढं रस्त्यावर बांबू आडवे.
पहाटे चार.
मी लिहिलं ४८०.
रकाना तेवढाच रुंद.

दुसरा रकाना : लक्षण.
बिडीची बसव्वा म्हणते, "एदी उरी."
नंदगडचा मास्तर म्हणतो, "छातीवर कुणीतरी बसलंय, उठवा त्याला."
यल्लूबाई म्हणाली होती, "ह्येंचा जीव नको नको करतंय बघा."
नंदिहळ्ळी डॉक्टरांचं मराठी माझ्या कन्नडएवढंच,
पण ते मान हलवतात : तेच, एकच दुखणं.
पाटीवरच्या अक्षरांचं भांडण बाहेर स्टँडवर चालू असतं.
पडद्यामागे सदरा काढला
की छातीवर बसवायचे गोळे सहा.
कन्नडला सहा, मराठीला सहा,
आणि रबरबँडवाला चिमटा दोघांनाही उजव्या पायाला.

यल्लूबाई पुन्हा आली दीड महिन्यानं,
दाखल्यासाठी. दाखला वरच्या मजल्यावर मिळतो,
ती माझ्याच दारात थांबली.
"ह्येंचं कागद हाय म्हणं तुमच्याकडं?"
झेरॉक्स दिली. ती बराच वेळ बघत राहिली.
"दुखलं ते कुठं ह्यात?"
मी बोट ठेवलं.
माझं बोट निघाल्यावर तिनं तिचं ठेवलं.
मग कागदाची घडी रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधे सारून
इकडच्या बायका म्हणतात तसं म्हणाली, "येतो मी."

बेळगावला मी आकडे पाठवले.
एकशे बारा माणसं, पैकी एकोणचाळीस कागद कोरे.
त्यांनी कळवलं, कोरे वगळा.

लुमाण्णा गुरव वगळला गेला.
तो आज आलाय, गोळ्या न्यायला,
पिशवीत माझ्यासाठी दोन काकड्या.
"कसं हाय आमचं मशीन?" छाती ठोकून विचारतो.
मी त्याला जुना कागद दाखवला नाही.
"झोपा की जरा," म्हटलं.
मिठाच्या पाण्यात कापूस बुडवला,
सहा गोळे बसवले, चिमटा लावला,
श्वास धरू नका म्हटलं, तरी त्यानं धरलाच.

ऊब उमटायला लागली.
पाच वाजायला वीस मिनिटं होती.