आहे, आहा, शे

एकतीस वर्षं मी एकच प्रश्न विचारत हिंडलो:
घरात कुणी आहे का, हे तुमच्यात कसं म्हणतात?

सुरगाण्याकडे म्हणाले, आहा.
सटाण्याकडे, शे.
नाशकात लोकांनी आधी माझं ओळखपत्र पाहिलं,
मग म्हणाले, आहे.

या तिघांवर माझी नोकरी झाली,
इंदिरानगरला फ्लॅट झाला.
दोनशे दहा शब्दांची यादी, नऊ रंगांच्या पेन्सिली,
एक टेपरेकॉर्डर, ज्याच्यात अजून
हतगडचा कोंबडा माणसांपेक्षा स्वच्छ ऐकू येतो.

सर म्हणायचे, रेषा मारा, बिरारी,
रेषेशिवाय नकाशा म्हणजे नुसते डाग.
मारली.
घाटातून खाली उतरवली, कळवणच्या अलीकडे
एका अंगणात शिरली, चुलीपाशी थांबली:
सासू आहा, सून शे.
मधे भाकर. तिला दोघी भाकरच म्हणत.

ती रेषा छापून आली. तिच्यावर मला बढती मिळाली.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा हतगडला गेलो, खात्री करायला.
दारांना कुलपं. एक म्हातारा, दोन शेळ्या.
त्याने हातानेच दाखवलं, तिकडे, बागांवर.

माझे ठिपके मला पिंपळगावच्या नाक्यावर सापडले,
पहाटे सहाला, पिकअपच्या हौद्यात,
मफलर, डबे, छाटणीच्या कात्र्या सांभाळत.
मुकादम अहिराणीतून भाव चढवत होता,
बागाईतदार मराठीतून उतरवत होता,
आणि हौद्यातली माणसं आपसांत
तिसरीकडूनच हो-नाही ठरवत होती.
इंजिन चालू. माझी रेषा धूर सोडत उभी.

यादी काढली. लाशी भोये. वय विचारलं तर हसली.
एकशे त्रेचाळीसावा शब्द तिने सांगितला, आहा.
मग तिनेच विचारलं, "ना तुमचे कडं?"
म्हणालो, आहे.
"तो ता साळंतला. घरचा सांगा."

गाडी हलली.

घरचा.
नामपूरच्या ठिपक्यापुढे माहितगार म्हणून
मी चुलत्याचं नाव लिहून ठेवलंय.
दहा वर्षांचा होतो. पंचवटीतलं बोर्डिंग,
पहिलीच हजेरी.
बिरारी कोण?
मी शे, म्हणालो,
आणि अख्खा वर्ग हसला, मास्तरांसकट.

तेव्हापासून
हजर आहे.