वेळ मोजणारा

मी वेळ मोजतो.
ते ठरलं पहिल्याच मंगळवारी.
तामिकबाईंनी विचारलं, घड्याळ कोण सांभाळेल,
आणि माझा हात माझ्या आधी वर गेला.
तार्तू विद्यापीठाच्या दोनशे चौदा नंबरच्या खोलीत
ती एकच खुर्ची होती,
जिथे तोंड न उघडता हजेरी लागायची.

हिरवं कार्ड : एक मिनिट उरलं.
पिवळं : अर्धं.
लाल : पुरे.
पुठ्ठ्याच्या तीन तुकड्यांवर
सप्टेंबरपासून मी माणसं थांबवत आलो.

रास्मुस बोलायचा खिशातल्या किल्ल्यांशी.
मारीकाच्या प्रत्येक 'म्हणजे'ला
बाई टेबलावर आगपेटीतली एक काडी ठेवायच्या.
एकदा एकोणतीस काड्या झाल्या,
मारीकाने त्या मोजल्या, आणि म्हणाली, म्हणजे...
तीस.

बाई म्हणायच्या,
गप्प बसण्याचं बाळकडू आपल्याला मिळालेलंच आहे,
त्याची फी भरू नका.
वर्ग हसायचा. म्हणजे आमच्याकडे जितकं हसतात तितकं,
नाकातून.

डिसेंबरात साडेतीनलाच अंधार.
बुटांचा बर्फ वितळून खुर्च्यांखाली थारोळी.
केर्तू उभी राहिली, हीयुमा बेटावरची,
हातात कागद नाही, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.
विषय : गोठलेल्या समुद्रावरून गाडी कशी न्यावी.

पट्टा बांधायचा नाही, ती म्हणाली.
बर्फ फुटला तर दार उघडून उडी मारता आली पाहिजे.
वेग एक तर पंचविसाच्या आत, नाहीतर चाळिसाच्या वर.
मधल्या वेगाने बर्फाखाली लाट उठते
आणि रस्त्याला खालून धडका देते.
पुढची गाडी अडीचशे मीटर लांब.
आणि काही झालं तरी, मध्येच कुठेही, थांबायचं...

थांबली.

मी घड्याळाकडे पाहिलं, माझं कामच ते.
सहा. अकरा.
रेडिएटरमध्ये पाणी गुरगुरलं.
रास्मुसने किल्ल्या मुठीत दाबल्या.
सतरा.
बाई काडी हातात धरून तशाच,
शांततेला किती काड्या लावायच्या, ते ठरलेलं नव्हतं.
बावीस.

माझे वडील थांबले होते, केर्तू म्हणाली.
एकदा. अगदी मध्यावर, दोन्ही किनारे दिसत नव्हते तिथे.
इंजिन बंद केलं, दार उघडलं,
म्हणाले, ऐक.
आणि खालून कोणीतरी
खूप लांबलचक तार छेडल्यासारखा आवाज आला,
आमच्या पायांखालून निघाला नि मुख्य भूमीकडे गेला.
मी नऊ वर्षांची होते.
आईला सांगू नकोस म्हणाले. आज पहिल्यांदा सांगतेय.

पिवळं कार्ड माझ्या मांडीवर.
लाल कार्ड माझ्या मांडीवर.
ती आणखी बोलली, बर्फाची जाडी, पाट्या, पोलिसांचा दंड,
सगळं मुद्देसूद, आणि मला त्यातलं काही आठवत नाही.

टाळ्या वाजल्या, आमच्या मानाने पुष्कळ.
बाईंनी चष्म्यावरून विचारलं, वेळ?

सहा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते.
पाच, मी म्हणालो.
बरोब्बर पाच मिनिटं.

सबंध सत्रातलं माझं पहिलं जाहीर वाक्य,
तेही धडधडीत खोटं, आणि आवाज कापला नाही.
बाई भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे
मुद्दाम पाहिल्यासारखं न पाहता म्हणाल्या,
आवाज बरा आहे तुझा.
पुढच्या मंगळवारी कार्डं केर्तूकडे.

घरी जाताना पुलावर आलो.
एमायोगी नदीने काठाकाठाने साय धरली होती,
मधे काळं पाणी अजून चालू.
विषय सुचत नव्हता.
हाताशी बंद करायला इंजिनही नव्हतं.
टोपी तेवढी कानांवरून वर केली
आणि थांबलो.